चंद्राआत्या आणि परीटघाटाचा फोटो

फोटो हातात घ्यायच्या आधी चंद्राआत्या हात धुवायची. पदराला पुसून चालायचं नाही. तांब्यातलं पाणी घेऊन धुवायची, हात वाळू द्यायची आणि मग म्हणायची, "हां, दे आता." झेरॉक्स असली तरी हाच प्रकार. मी एकदा म्हटलं, "आत्या, ही नुसती नक्कल आहे, खराब झाली तर दुसरी काढू." तर म्हणाली, "मानसं तर तीच हायेत ना?"

तिचं इस्त्रीचं दुकान भूगावात, एका मोठ्या सोसायटीच्या फाटकाशेजारी. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी, लोखंडी टेबल आणि कोळशाची इस्त्री. मुलगा दत्ता विजेच्या इस्त्रीवर काम करायचा आणि आत्या कोळशाच्या. "ह्या इजेच्या इस्त्रीला वजान न्हाई, नुसती गरम हुतिया. रागीट बाईवानी," असं तिचं मत होतं. ती राहायला आमच्या भरे गावातच, आणि गावातली सगळी पोरं तिला आत्याच म्हणायची. परटाच्या घरात दिलेली, पण माहेर पुण्यातलं, नदीकाठचं. तिची आई, मावश्या, आजी, सगळ्या मुठेच्या परीटघाटावर उभ्या राहून धुणं धुतलेल्या.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. इतिहास घेऊन बी. ए. झाले, आणि ते सांगायला मला अजून लाज वाटत नाही. बावधनला एक निवृत्त इंजिनिअर राहतात, मी त्यांना नुसतं सर म्हणते. त्यांनी आयुष्यभर पुण्याचे जुने फोटो आणि फोटोंची पोस्टकार्डं जमवली. नदी, पूल, घाट, देवळं, बंधारे. त्याचं प्रदर्शन भरवायचं ठरलं, तेव्हा प्रत्येक फोटोखालची ओळ लिहायचं काम मला मिळालं. भरे ते बावधन माझी स्कूटी रोज आत्याच्या टपरीवरून जायची, आणि मी घरचे कपडे तिच्याकडे टाकायची.

एक दिवस कपड्यांची वाट बघत मी फोटोंची फाईल चाळत बसले होते. आत्यानं मान वाकडी करून बघितलं.

"काय लिवलंय ह्याच्याखाली?"

मी वाचून दाखवलं, "नदीच्या वाळवंटातील उत्सव." फोटोत वाळूवर लांबच लांब पट्टे अंथरलेले होते, बाजूला बैलगाड्या आणि माणसं. सरांना आणि मला, दोघांनाही तो उत्सव वाटला होता.

आत्या इतकी हसली, की तिला इस्त्री बाजूला ठेवावी लागली. "आगं उत्सव कसला बाई! जाजमं हायेत ती. लग्नसराई सपली की मांडववाल्याची जाजमं धुवायला यायची. गाड्या भरून. चार चार दिस वाळत पडायची. तुमी शिकल्याली मानसं, जाजमाला देव म्हनून हात जोडताय!"

मी चिडलेच थोडी. पण घरी जाऊन भिंग लावून बघितलं, तर त्यावर जाजमाच्या रंगीत रेघा स्पष्ट दिसत होत्या. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "त्या बाईंना बाकीचेही दाखव."

तिथून पुढे तीन महिने माझी शिकवणी चालू झाली. मला वाटायचं मी तिला फोटो दाखवते आहे. खरं म्हणजे ती मला ते वाचायला शिकवत होती.

तिला अक्षर येत नव्हतं, पण लिहिता येत होतं. म्हणजे असं. परीट लोक कपडे ओळखायला बिब्ब्यानं कोपऱ्यात खूण करतात, ती किती धुतली तरी जात नाही. प्रत्येक घराची खूण वेगळी. दोन टिंबं, उभी रेघ, चूल, काटकी, कावळ्याचा पाय. आत्याला दीड-दोनशे घरांच्या खुणा पाठ होत्या आणि ती माणसांनाही खुणेनंच ओळखायची. सोसायटीतली एक बाई कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. आत्या तिला तोंडावर 'म्याडम' म्हणायची आणि माघारी 'कावळ्याचा पाय'. "कावळ्याच्या पायाच्या नवऱ्याचं काईतरी बिनसलंय बग. म्हैना झाला, त्याची कापडं येत न्हाईत," असं ती सहज सांगायची. आणि ते खरं निघायचं. वर म्हणायची, "कापड खोटं बोलत न्हाई."

झेरॉक्सच्या मागे तिनं अशाच खुणा सुरू केल्या. हा घाट म्हणजे चूल, कारण तिथं कपडे उकळायची भट्टी लावायचे. हा काठ म्हणजे तीन टिंबं, कारण तिथं गाळ आणि बायका घसरायच्या. मी संगणकात टाकलेले क्रमांक विसरायची, पण ती खूण बघून धडाधड सांगायची. शेवटी सरांनी माझ्या यादीत एक रकाना वाढवला आणि त्यात तिच्या खुणा जशाच्या तशा काढायला लावल्या.

एकदा सर तिला गाडीतून पुण्याला घेऊन गेले. मीही होते. पुलावर उभं राहून सर दाखवत होते, "आजी, हा तो काठ. इथं आता रस्ता झालाय. पायऱ्या याच्याखाली गेल्या असतील." आत्यानं खाली बघितलं. जलपर्णी, फेस, कडेला पिशव्यांचा ढीग. मला वाटलं ती रडेल-बिडेल. तिनं नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "आमी हिच्यात कापडं धुतली. आता हिलाच धुवाय टाकाय पायजे. पन घेनार कोन? मी तर न्हाई घ्यायची, आधीच सांगते." सर इतके मोठ्यानं हसले, की पुलावरची माणसं बघायला लागली.

मग तो फोटो आला.

सरांना एका जुन्या बाजारात मिळालेलं पोस्टकार्ड. मागची बाजू कोरी. पुढे घाटाच्या खालच्या पायऱ्या, पलीकडे पाणी आणि पलीकडच्या काठावर झाडं. पाण्यात पोटऱ्यांपर्यंत उभ्या असलेल्या पाच बायका, पाठमोऱ्या, अर्ध्या वळलेल्या. उजव्या कडेच्या बाईनं कपड्याचा पिळा डोक्याच्या वर उचललेला, आता दगडावर आपटणार. तिच्या चेहऱ्यावर हाताची सावली. जवळची बाई पाण्यात धोतर विसळते आहे.

आत्यानं हात धुतले, वाळवले, फोटो घेतला. टेबलावरचा शर्ट तसाच, इस्त्री तशीच. दत्तानं येऊन इस्त्री उचलली नसती, तर शर्ट जळला असता.

"आई," ती म्हणाली. "दत्ता, ही माझी आई हाय. ह्यो डावा हात बग."

तिची आई सोनाबाई डावरी होती. घाटावर एकटी डावरी. सासू तिला शिव्या द्यायची, डाव्या हातानं वाढलेलं कुणी जेवायचं नाही, पण धुणं मात्र ती त्याच हातानं आपटायची आणि तिच्या पिळ्याचा आवाज लांबून ओळखू यायचा. आत्याकडे आईचा फोटो नव्हता. एक होता, कुणाच्या तरी लग्नातला. पानशेत फुटलं तेव्हा आत्या नवी नवरी, सासरी भऱ्यात. नदीकाठचं माहेर पाण्यात गेलं. आई वाचली, पण फोटोची पेटी गेली. पुढे दोन-तीन वर्षांत आईही गेली. "तवापास्नं मी आईचं तोंड आठवाया बगते, तर माझं तोंड येतंय मधी," ती एकदा म्हणाली होती.

तिनं सरांकडे एकच गोष्ट मागितली. त्या फोटोखाली आईचं नाव लिहायचं. सर अडले. "आजी, चेहरा सावलीत आहे. पुराव्याशिवाय नाव कसं लिहू?" आत्या म्हणाली, "जाजमाला पुरावा इचारला व्हता का?" सर हरले. जाजमाच्या फोटोपासून त्यांनी तिची गोष्ट सहसा नाकारलीच नव्हती. मी ओळ लिहिली, 'परीटघाट, मुठा. उजवीकडे सोनाबाई.' पाटी छापून झाली. मी एक मोठी प्रत चौकटीत घालून आत्याला दिली. दत्तानं ती घरात लावली आणि हार घातला. भऱ्यातल्या बायका येऊन बघून गेल्या. आमची आईसुद्धा गेली आणि येऊन म्हणाली, "चंद्रीचा जीव निवला गं."

आठ-दहा दिवसांनी दत्ताचा फोन आला. "मनीषाताई, आई बोलावतीये. जेवली न्हाई दोन दिवस. फोटू समोर घिऊन बसतीये नुसती."

मी गेले. चौकट भिंतीवरून उतरवून तिनं मांडीवर घेतली होती. हार काढून बाजूला, तांदळाच्या सुपात ठेवलेला.

"मने," ती म्हणाली, "ही नदी उलटी वाहतिया."

मला कळेना. तिनं बोट ठेवलं. विसळणाऱ्या बाईच्या हातातलं धोतर पाण्यात लांब पसरलं होतं, त्याचं टोक डावीकडे ओढलेलं. "आमच्या घाटावर पान्याकडं तोंड करून हुबं ऱ्हायलं की पानी डाव्या हाताकडनं येतंय आन उजव्या हाताला जातंय. कापड सुटलं तर उजवीकडं धावायचं. ल्हानपनी धावलीया मी. हितं ते डावीकडं चाललंय."

मी म्हटलं, "फोटो पलीकडच्या काठावरून काढला असेल, आत्या."

"पलीकडं असला घाट न्हवता. आन ती गोष्ट ऱ्हाऊ दे. पदर बग."

मी बघितलं, आणि मला माझीच लाज वाटली. पाचही बायकांचा पदर उजव्या खांद्यावर होता. मी साडी नेसते, लग्नाकार्यात नऊवारीही नेसते. पदर डाव्या खांद्यावर येतो हे मला कुणी शिकवायला नको. महिनाभर तो फोटो माझ्या टेबलावर होता. मी पायऱ्या मोजल्या, झाडं ओळखली, दगड बघितला. बायकांकडे बघितलंच नव्हतं.

सरांना फोन केला. ते आधी म्हणाले, "गुजराती पद्धत असेल." मी ते आत्याला सांगितलं. "काष्टा घालून गुजराती? इंजनेर हाय का कोन हाय ह्यो मानूस?" पण लगेच गंभीर झाली. "त्यास्नी निऊन दाव. आत्ताच चल."

दत्तानं दारातच अडवलं. त्याला सगळं कळलं होतं. मला मात्र अजून कळलं नव्हतं. "आई, ऱ्हाऊ दे की. कुनाला कळनार हाय? सगळ्या गावानं बगितलाय फोटू. नाव छापलंय. कशाला उकरतीयास?"

"मला कळलंय की," ती म्हणाली आणि माझ्या स्कूटीवर मागे बसली. चौकट मांडीवर, दोन्ही हातांनी धरून.

बावधनला सरांनी संगणकावर फोटो उघडला. ते म्हणाले, "पूर्वी निगेटिव्ह काचेवर असायची, ती काच उलटी ठेवून छापली की असं व्हायचं. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. पोस्टकार्डं छापणारे घाईत असायचे." एक बटण दाबलं. फोटो आरशातल्यासारखा फिरला.

नदी सरळ वाहायला लागली. धोतर उजवीकडे गेलं. पदर डाव्या खांद्यावर आले. आणि कडेच्या बाईनं पिळा उचलला होता तो हात उजवा झाला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी आत्याकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत होती, अगदी शांत. गिऱ्हाइकाच्या कपड्यावरचा डाग निघतो का नाही हे बघावं तशी.

"हां," ती म्हणाली. "शेवंता."

"कोण शेवंता?" सरांनी विचारलं.

"ह्यी. एक पाय दगडावर ठिवून आपटायची तिला खोड व्हती. दुसरं कोन असं हुबं ऱ्हात न्हवतं. माझ्या आईचं आन हिचं दगडावरनं रोजचं भांडान. लई तोंडाची. बगा आता, जलमभर भांडली आन फोटूत पन हीच येऊन बसली." आणि ती हसली. सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

परत येताना चांदणी चौकाच्या पुढे मी स्कूटी बाजूला घेतली. मला गाडी चालवता येईना. मी विचारलं, "आत्या, तुला आधीच माहीत होतं?"

"पाय बगूनच शंका आल्ती. पयल्याच दिशी. पन हात डावा दिसला, तवा मन म्हनलं, आसंल, आईनं बी ठिवला आसंल पाय एखाद दिवस." मग म्हणाली, "आन दुसरं. आईच्या शेजारी एवढ्या जवळ कोनी हुबंच ऱ्हात न्हवतं. डाव्या हाताचा पिळा शेजारनीच्या तोंडावर बसायचा. ती चार पावलं लांब हुबी ऱ्हायची. हितं समद्या खांद्याला खांदा लावून हायेत. मग धोतार दिसलं. मग पदर. मग काय ऱ्हायलं?"

"मग गप्प बसायचं की. कुणी विचारलं होतं?"

ती माझ्यावर खेकसली. "काय बोलतीयास? शिकलीस ना तू? शेवंतीच्या फोटूला आई म्हनून हार घालू व्हय? आईनं उठून हानलं आसतं मला. डाव्या हातानं." मग आवाज खाली आला. "आन त्या शेवंतीचं बी कोन आसंल की गं कुटंतरी. तिची लेक सुमी, माझ्याबरूबरची. तिच्याकडं बी फोटू नसंलच. तिच्या आईला मी माझी आई करून बसू?"

मी स्कूटी चालू केली. माझ्या पदवीचा मला अभिमान आहे, तो आजही आहे. पण एक चुकीची ओळ दुरुस्त करायला असलं काही सोडून द्यायची वेळ माझ्यावर आली असती, तर मी काय केलं असतं, हे मला त्या दिवशी सांगता आलं नसतं.

पाटी नवी छापली. आत्यानं सांगितली तशी. 'परीटघाट, मुठा. डावीकडून शेवंताबाई, ठकूबाई, भागूबाई. पुढच्या दोघींची नावे आठवत नाहीत.' त्या शेवटच्या वाक्यावर तिचा आग्रह होता. सर म्हणाले, "ते नको, अपुरं वाटतं." आत्या म्हणाली, "दोगी व्हत्या का न्हाई? मग लिवा." दत्तानं भिंतीवरचा खिळा काढला नाही. काही दिवस तो तसाच होता, नंतर तिथं कॅलेंडर लागलं.

प्रदर्शनाला मी तिला घेऊन गेले. ते पुण्यातलं एक मोठं सभागृह, थंड, चकचकीत फरशीचं. तिनं स्वतः खळ केलेलं लुगडं नेसलं होतं, चालली की कागदासारखा आवाज यायचा. दारात चपला काढायला लागली, तेव्हा मी थांबवलं. प्रत्येक फोटोपाशी थांबली. जाजमाच्या फोटोपाशी उभं राहून एका जोडप्याला म्हणाली, "ह्याला आदी उत्सव म्हनत व्हते," आणि माझ्याकडे बोट केलं.

परीटघाटाचा फोटो दाराएवढा केला होता. तिनं मला पाटी वाचायला लावली. मी वाचली. "अजून एकदा," म्हणाली. परत वाचली. तिनं मान हलवली, हिशेब बरोबर आल्यासारखी.

शेजारी एक बाई उभ्या होत्या, पन्नाशीच्या, गळ्यात चष्म्याची साखळी. त्यांनी विचारलं, "आजी, यातलं तुमचं कोण आहे?"

"कोन न्हाई," आत्या म्हणाली. "घाटावरच्या बाया हायेत. ह्यी शेवंता. तोंडाची लई वाईट, पन धुनं चोख."

मला सरांनी हाक मारली म्हणून मी पलीकडे गेले. तिथं पाहुण्यांशी बोलण्यात पाच-दहा मिनिटं गेली. मागे वळून बघितलं, तर आत्याभोवती सात-आठ माणसं जमली होती आणि ती हातवारे करून सांगत होती. पण फोटोकडे तिचं तोंड नव्हतं. चौकट जिथं संपत होती तिथून ती चार पावलं मोजत डावीकडे गेली होती, जिथं काहीच टांगलेलं नव्हतं. त्या कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर तिनं हात ठेवला होता, तळवा सपाट टेकवून. तिचा आवाज सगळ्या सभागृहात ऐकू येत होता.

"आन माझी आई हितं हुबी आसंल."